कॅम्पातलं जुनं चायनीज रेस्टॉरंट सांभाळताना: कामाच्या नोंदी

जागा पुण्यात, कॅम्पात, एम. जी. रोडपासून चालत पाच मिनिटांवर. तळमजल्यावर एकामागे एक दोन हॉल, त्यामागे किचन. सजावट १९७०च्या दशकातली आणि तेव्हापासून जवळपास तशीच: लाल रेक्झिनची उंच पाठीची बाकं, दोन हॉलच्या मधे गोल चंद्रदरवाजा, सागवानी जाळीचे पडदे, भिंतीवर कोरीव ड्रॅगन आणि फिनिक्सची जोडी, छताला काचेचे सहाकोनी कंदील. मालकीणबाई सत्तरी ओलांडलेल्या. अख्खी गल्ली त्यांना आंटी म्हणते, म्हणून इथेही आंटीच. वडील हक्का, म्हणजे दक्षिण चीनमधल्या एका समाजाचे, कलकत्त्याहून इकडे आलेले. तिथल्या टांग्रा भागात हक्का लोकांचे कातडी कमावण्याचे कारखाने होते. पुढे त्यांच्यातल्या अनेकांनी हॉटेलं काढली.

मी जुन्या लाकूडकामाची आणि दुकानांच्या आतल्या सजावटीची डागडुजी करतो. आंटींनी काम देताना अट घातली ती अशी: "जुनं गिऱ्हाईक आत आलं की त्याला काही बदललंय असं वाटता कामा नये. फक्त बसल्यावर बाक बोचू नये."

इराणी हॉटेल, जुनी खाणावळ, परमिट रूम, असं कुणी सांभाळायला घेतलं तर उपयोग व्हावा म्हणून नोंदी ठेवतोय. तोडून नवं करून देणारे पुष्कळ मिळतात. आहे ते टिकवायचं म्हटलं की माणूस, माल आणि पद्धत, तिन्ही शोधावं लागतं.

३ नोव्हेंबर २०२५

पाहणी. दुपारी सगळ्या ट्यूबलाइट लावून यादी केली तर ती संपेचना. पोपडे, डाग, उडालेला सोनेरी रंग, तडकलेलं सनमायका. संध्याकाळी सातला ट्यूब बंद करून नेहमीचे दिवे लावले आणि तीच यादी हातात घेऊन परत फिरलो. निम्मी कलमं दिसेनाशी झाली. ही सजावट मुळात मंद उजेडासाठी केलेली आहे: टेबलावर उजेड, बाकी खोली लालसर अंधारात, आणि त्या अंधारात कुठेतरी सोनेरी रेघ चमकते. तिथे बसलं की शेजारच्या बाकावर कोण आहे ते कळत नाही. पेठांतली कुटुंबं वाढदिवसाला मुद्दाम कॅम्पात जेवायला येत, त्यातली गंमत निम्मी या अंधाराची होती असं मला वाटतं.

म्हणून नियम ठरवला. यादी रात्रीच्या दिव्यात करायची. रात्री जे खटकत नाही त्याला हात लावायचा नाही.

आंटींच्या मुलाने आधी एक कोटेशन घेतलं होतं: राखाडी भिंती, उघडं सिमेंट, काळ्या पाइपांचे दिवे, सगळं मिळून अठरा लाख. आमचा अंदाज साडेपाच लाख. मागचा हॉल आधी बंद ठेवायचा, पुढचा चालू, मग उलट. कामगारांचा पगार थांबवायचा नाही हे आंटींचं ठाम होतं.

७ नोव्हेंबर

चिकटा. सोया, तेल, वाफ आणि सिगारेटचा धूर, यांचा लाकडावर पिवळट थर बसलाय. सार्वजनिक जागी धूम्रपानावर बंदी आली ती २ ऑक्टोबर २००८ पासून. त्याआधीची तीसेक वर्षं इथे टेबलाटेबलावर ॲशट्रे होते.

सफाईवाल्यांचा सल्ला कॉस्टिक सोड्याचा. पडद्याच्या मागच्या बाजूला बोटभर जागेवर लावून पाहिला. सागवान बघता बघता काळं पडलं. सागवानाला तीव्र सोडा कधीही लावू नये, तो डाग लाकडात उतरतो आणि घासूनही पुरता जात नाही. शेवटी कोमट पाणी, त्यात थोडंसं भांडी घासायचं लिक्विड, जुन्या बनियनांचे बोळे आणि लगेच कोरडं पुसणं. जिथे थर जाड तिथे टर्पेंटाइनचा बोळा. टर्पेंटाइनने चपड्याचं, म्हणजे लाखेचं, पॉलिश विरघळत नाही, चिकटा मात्र सुटतो. काम सावकाश होतं, दुसरा इलाज नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. सकाळी लवकर गेलो. टेबलावरच्या व्हिनेगर-मिरचीच्या काचेच्या बाटल्यांची बुचं हवी होती, ती मिळाली. पितळी होल्डर मिळाले, पोर्सेलिनचे जाड चमचे नाही मिळाले. चमचे उत्तर प्रदेशातल्या खुर्ज्याहून मागवायचे ठरलं, तिथे चिनी मातीची भांडी होतात.

१३ नोव्हेंबर

आधी कुठलं पॉलिश आहे ते ओळखायचं, मग हात लावायचा. चाचणी सोपी आहे. कोपऱ्यात स्पिरिटचा बोळा टेकवायचा: पृष्ठभाग चिकट झाला तर चपडा. स्पिरिटने काही झालं नाही पण एनसी थिनरने मऊ पडलं तर लॅकर. दोन्हींना दाद नाही तर ऑइलपेंट किंवा पीयू (पॉलियुरेथेन). आमच्याकडे पडदे चपड्याचे, टेबलं नंतर कधीतरी लॅकर मारलेली, खांब ऑइलपेंटचे. चीनमधलं अस्सल लॅकर एका झाडाच्या चिकापासून होतं. चपडा म्हणजे आपली लाख, किड्यापासून मिळणारी. तेव्हा हा चिनी थाट उभा राहिला तो पुण्याच्या पॉलिशवाल्यांच्या मालावर आणि हातावर. मला त्याचं मोल जास्त वाटतं.

चपड्याची खुबी अशी की नवा हात जुन्या थरात विरघळून मिसळतो. खरवडून काढायची गरज नसते. आमचे पॉलिशवाले काका म्हणतात, "ओरबाडायचं नाही, पाजायचं." लिटरभर स्पिरिटला साधारण दीडशे ग्रॅम चपडा, रात्रभर भिजवायचा, मलमलीतून गाळायचा. थंडीत काम घेतलं ते याचसाठी. पावसाळ्यात दमट हवेने पॉलिश पांढरट पडतं.

नुकसानही झालं. काका यायच्या आत हेल्परने एका पडद्यावर घासायचं मशीन चालवलं. जाळीच्या कडा गोल झाल्या. त्या पडद्याची एक पट्टी नव्याने कापून घ्यावी लागली, मजुरी आणि लाकूड धरून चार हजार दोनशे. जाळीकामावर मशीन लावू देऊ नका, हातात कागद घेऊनच घासा.

१८ नोव्हेंबर

चंद्रदरवाजा. हा सहा फूट व्यासाचा गोल. चिनी बागांत भिंतीत असा दरवाजा असतो, त्यातून पलीकडचं दृश्य चौकटीत बसल्यासारखं दिसतं. इथे पलीकडे माशांची टाकी येते, हे ज्याने आखलं त्याला दाद दिली पाहिजे. दरवाजा प्लायचा, वर पातळ सागवानी पत्ती. वरचा अर्धा भाग ठणठणीत. खालचा फरशी पुसण्याच्या पाण्याने फुगून पापुद्र्यांसारखा सुटलेला.

मिस्त्रींचं म्हणणं पूर्ण गोल नवा करू. एक लाख दहा हजार. मी खालचे नऊ इंच कापून तेवढाच तुकडा आयएस ७१० या मानकाच्या, पाण्यात टिकणाऱ्या मरीन प्लायचा बसवायला सांगितला, आणि जमिनीपासून चार इंच काळ्या ग्रॅनाइटची पट्टी, म्हणजे पोछ्याचं पाणी लाकडाला शिवणारच नाही. अडचण आली वळणाची. मरीन प्लाय वळेना, टणकपणामुळे सांध्यावर उघडा पडे. मग आतल्या बाजूने जवळजवळ खाचा घेतल्या, तेव्हा वळला. वरच्या पत्तीच्या रेषा जुळवायला भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये पत्त्या चाळत बसावं लागलं. सांधा दिवसा दिसतो. रात्री दिसत नाही.

खर्च एकतीस हजार.

२४ नोव्हेंबर

ड्रॅगनचा पुढचा उजवा पंजा तुटून गेलेला आहे, कधी ते कुणालाच आठवत नाही. आमचा कोरीवकाम करणारा एरवी देव्हारे आणि मखरं करतो. त्याने पहिला पंजा करून आणला तो सिंहासनाच्या पायासारखा: गुबगुबीत, बोटं जुळलेली. आंटींनी हातात घेतला, उलटसुलट केला आणि परत दिला. "हा मांजराचा पाय आहे." मग आत जाऊन किचनमधून कोंबडीचे दोन पाय धुऊन थाळीत घालून आणले आणि त्याच्या पाटावर ठेवले. "असा कर. बोटं लांब, मधे सांधा, नख आत वळलेलं."

घरी येऊन वाचलं तेव्हा कळलं की चिनी परंपरेत ड्रॅगनचं शरीर नऊ प्राण्यांवरून सांगतात: शिंगं हरणाची, खवले माशाचे, नखं गरुडाची, आणि तळवा वाघाचा. म्हणजे कारागिराचा तळवा चुकीचा नव्हता, नखं चुकीची होती. दुसऱ्या पंजात तळवा भरीव ठेवला आणि बोटं कोंबडीच्या पायावरून घेतली. पसंत पडला.

नखं किती हाही प्रश्न होता. मिंग आणि चिंग काळात पाच नखांचा ड्रॅगन सम्राटासाठी राखीव होता. आमच्या ड्रॅगनच्या उरलेल्या तिन्ही पंजांना चार-चार नखं आहेत. म्हणून चारच.

शेजारच्या फिनिक्सची गोष्ट वेगळी. जवळून पाहिलं तर त्याच्या शेपटीतल्या पिसांवर मोराचे डोळे कोरलेले आहेत, अगदी पैठणीच्या पदरावर असतात तसे. मूळ कारागीर बहुधा इथलाच असणार, त्याने माहीत असलेला पक्षी कोरला. मुलगा म्हणाला, फोटो बघून दुरुस्त करून घेऊ का? मी साफ नाही म्हटलं, आणि आंटीही म्हणाल्या, राहू दे. या भिंतीवरचं सगळ्यात सुंदर काम तेच आहे.

सोनेरी रंगाबद्दल: जुना सोनेरी म्हणजे पितळेची पावडर, ती काळवंडते. आम्ही फक्त उडालेल्या जागा भरल्या. आधी पिवळ्या गेरूचा हात, वर पितळेची पावडर चपड्यात. किचनच्या दाराजवळच्या भागावर तो आठवड्याभरात हिरवट पडायला लागला. तिथे सतत वाफ आणि व्हिनेगर. सोन्याचा अस्सल वर्ख आजच्या भावात परवडणारा नाही. शेवटी अभ्रकावर चढवलेली सोनेरी पावडर घेतली. तिच्यात पितळ नसल्यामुळे ती काळी-हिरवी पडत नाही. ती जरा जास्त चमकते, म्हणून वरून तपकिरी छटा दिलेल्या चपड्याचा एक पातळ हात.

२ डिसेंबर

दिवे. या कामात सगळ्यात जास्त डोकं इथे लागलं आणि सगळ्यात मोठा फरकही इथेच पडला.

गेल्या काही वर्षांत जळलेल्या प्रत्येक बल्बच्या जागी हाताला लागेल तो एलईडी बसवला गेला होता. काही पांढरे, काही पिवळे. पांढऱ्या म्हणजे ६५०० केल्विनच्या दिव्याखाली लाल खांब मातकट दिसतात आणि माणसांचे चेहरे आजारी. म्हणून सगळे २७०० केल्विनचे वॉर्म बल्ब आणले. तरी लाल रंग मेलेलाच. वायरमन म्हणाला, खांबांना रंगच मारा.

मुद्दा रंगाचा नव्हता. दिव्याखाली रंग किती खरे दिसतात याचा, खोक्यावर सीआरआय म्हणून जो आकडा लिहितात तो आठ फिकट रंगांच्या चाचणीची सरासरी असतो. गडद लाल त्या आठांत नसतो. त्याची मोजणी आर-नाइन या नावाने वेगळी असते, आणि स्वस्त बल्बांत ती अगदी कमी निघते. ज्या खोलीत भिंत लाल, बाकं लाल, कंदिलाचे गोंडे लाल, तिथे नेमका हाच आकडा महत्त्वाचा. तपकीर गल्लीत बहुतेक दुकानदारांना आर-नाइन माहीत नव्हता, खोक्यावरही नसतो. मग मी बाकाच्या रेक्झिनचा तुकडा खिशात घेऊन गेलो आणि काउंटरवरच्या होल्डरमध्ये एकेक बल्ब लावून त्याखाली धरला. नव्वदच्या वर सीआरआय असलेल्या एका बल्बाखाली तो तुकडा एकदम जिवंत झाला. साध्या बल्बाला नव्वद रुपये, याला तीनशे साठ. चाळीस घेतले. खांबांचा रंग वाचला, त्याचे अंदाजे पस्तीस हजार वाचले.

डिमर बसवून पाहिले, जुन्या रेग्युलेटरवर एलईडी थरथरतात आणि गुणगुणतात. काढून टाकले. त्याऐवजी दोन वेगळी सर्किटं: एक टेबलांवरचं, एक भिंती-कंदिलांचं. साफसफाईसाठी ट्यूबलाइट तिसऱ्या बटणावर, आणि ते बटण किचनच्या आत, म्हणजे चुकून कुणी हॉलमध्ये लावणार नाही. जुनी वायरिंग कापडी वेष्टणाची निघाली, ती पूर्ण बदलावी लागली. अंदाजात ती नव्हती. इथे आठवडा गेला.

९ डिसेंबर

बाकं. आत स्प्रिंगा आणि नारळाचा काथ्या, वर रेक्झिन, पाठीला बटणं. काही बाकांना मधे कधीतरी पीयूचं कृत्रिम लेदर चढवलं होतं, त्याचे सालपटासारखे तुकडे निघून लोकांच्या कपड्यांना चिकटत. पीयूचा थर घाम आणि दमट हवेने कुजतो. सत्तरच्या दशकातलं पीव्हीसीचं रेक्झिन मात्र शिवणीपाशी सोडलं तर शाबूत. म्हणून पुन्हा सुती पाठीचं पीव्हीसी रेक्झिनच घेतलं, नाना पेठेत, गाड्यांची सीट कव्हरं शिवतात तिथून.

एक बटण उचकटलं तर त्याखाली मूळ लाल रंग सापडला, कुंकवासारखा भडक. मला तोच घ्यावासा वाटला. आंटी म्हणाल्या, "तो रंग मी बघितलाय, गिऱ्हाइकांनी नाही बघितला." त्यांच्या अटीप्रमाणे उतरलेल्या रंगाशी जुळणारा गडद, किंचित मरून घेतला.

नवा फोम घनता ४० चा टाकला आणि बैठकीची उंची अठरा इंचांवरून वीस झाली. दोन इंचांनी काय होतं? इथे येणारे निम्मे लोक साठीच्या पुढचे. पाय अधांतरी राहतात, टेबल मांडीला लागतं, उठताना आधार मिळत नाही. चाळीस वर्षं इथे जेवण वाढणारे एक मामा आहेत, त्यांनी बसून पाहिलं आणि लगेच सांगितलं. फोम काढून आतली फळी दोन इंच खाली घेतली. बाकामागे सहाशे रुपये जादा मजुरी. बाकाची पाठ चार फुटांची आहे, ती तशीच ठेवली. ती कमी केली तर या जागेचा जीव जाईल.

१८ डिसेंबर

काम थांबवलं. नाताळ ते ३१ तारीख कॅम्पात पाय ठेवायला जागा नसते आणि वर्षातला मोठा धंदा याच दिवसांत होतो. दोन्ही हॉल उघडले. हत्यारं माळ्यावर.

६ जानेवारी २०२६

कंदील. सहा कोनी लाकडी चौकट, प्रत्येक बाजूला चित्र काढलेली काच, कोपऱ्यांना ड्रॅगनची तोंडं आणि त्यातून लोंबणारे लाल गोंडे. हा चिनी राजवाड्यांतल्या कंदिलाचा नमुना. काचेवरची चित्रं मागच्या बाजूने काढलेली आहेत: आधी डोळे, चोच, पानांच्या शिरा, असं सगळं बारीक काम, त्यावर मोठे रंग, शेवटी आकाश. नेहमीच्या चित्राच्या बरोबर उलटा क्रम. अठराव्या शतकात ही पद्धत कँटनच्या चित्रकारांकरवी समुद्रमार्गे पश्चिम भारतात आली होती.

हे सगळ्या कामगारांना सांगायला हवं होतं, कारण सुट्टीच्या धामधुमीत एका पोराने कंदील उघडून काच दोन्ही बाजूंनी निळ्या लिक्विडने पुसली. आतल्या बाजूचा अर्धा करकोचा फडक्यावर आला. पोरगं घाबरून गेलं होतं. आंटी त्याला काही बोलल्या नाहीत.

अभिनव कला महाविद्यालयात शिकलेल्या एका चित्रकार ताईंना बोलावलं. त्यांनी मूळ काचेवर रंग भरायला नकार दिला आणि त्यांचं कारण मला पटलं: नवा रंग जुन्याच्या शेजारी वेगळ्या वेगाने म्हातारा होतो, आणि एकदा भरला की परत काढता येत नाही. त्यांनी पारदर्शक शीटवर करकोच्याचा हरवलेला भाग रंगवला आणि ती शीट काचेमागे बसवली. उद्या कुणाला यापेक्षा चांगलं जमलं तर शीट काढून टाकता येईल. इतर काचांवर जिथे पोपडे सुटत होते तिथेही तेच.

१२ जानेवारी

गोंडे. तयार मिळतात ते नायलॉनचे, चकचकीत, हलके. लोंबत नाहीत, फुलून राहतात. जुने रेशमाचे होते आणि त्यांच्या गाठी वेगळ्या. रविवार पेठेत दागिने गाठवून देणारे पटवेकरी आहेत, त्यांच्यापैकी एका आजोबांकडे जुना गोंडा नेला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून तो डोळ्यांजवळ धरला, नखाने एक गाठ सैल केली, आतली मांडणी पाहिली आणि पुन्हा आवळली. "मंगळसूत्राला घालतो त्यातलीच गाठ आहे, फक्त दुहेरी." अठ्ठेचाळीस गोंडे, एकाला एकशे ऐंशी रुपये. मकरसंक्रांतीनंतर देतो म्हणाले आणि पुढे दिलेही. आतून एक शिशाचा मणी घालून वजन आणलंय, पंख्याच्या वाऱ्याने हलतात पण उडत नाहीत.

कंदिलात पूर्वी पंचवीस वॉटचे बल्ब होते, त्यांच्या उष्णतेने आतली चौकट करपलेली. आता तीन वॉटचे.

२० जानेवारी

गोल टेबलांवरच्या फिरत्या चकत्या. एक फिरत नव्हती, दोन करकरत होत्या. सांडलेला सॉस आणि जुनं ग्रीस मिळून दगड झाला होता. सगळं उघडून रॉकेलमध्ये भिजवलं. आतले छरे पाव इंची, सायकलला लागतात तेच. सायकलच्या दुकानातून नवे आणले. ग्रीस कमी लावा. जास्त लावलं की चकती इतकी सैल फिरते की एका बाजूच्या माणसाने बोट लावलं तर सूपचा बाउल दुसऱ्याच्या मांडीवर.

२७ जानेवारी

पाटी. जुनी पाटी इंग्रजी, लाल लाकडी फळीवर सुरीच्या पात्यासारखी टोकदार सोनेरी अक्षरं. ही अक्षरं चिनी नव्हेत. तसला पहिला टाइप अमेरिकेत क्लीव्हलंडच्या फाउंड्रीने १८८३ मध्ये पाडला आणि जगभरच्या चायनीज हॉटेलांनी तो उचलला. आपल्याकडच्या चायनीजच्या हातगाड्यांवरही तोच.

२०२२च्या दुरुस्तीनंतर दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही मराठी पाटी सक्तीची आहे, मराठी आधी आणि इतर लिपीपेक्षा लहान नाही. इथे मधल्या काळात एक फ्लेक्स टांगला होता. त्याने सगळ्या दर्शनी भागाचा विचका केला होता. आंटींना मराठी पाटी हवी होती, मनापासून, पण जुन्या पाटीच्या तोलाची.

पेंटरने पहिल्या कच्च्या आराखड्यात देवनागरी अक्षरं त्याच सुऱ्यांच्या तुकड्यांतून जोडली. शिरोरेषा प्रत्येक अक्षरावर तुटलेली. दिसायला झोकदार, पण रस्त्यापलीकडून वाचता येईना. दुसऱ्यात शिरोरेषा सरळ, एकसंध. मग ती पाटी शाळेची वाटायला लागली. तिसऱ्या वेळी त्याने वेगळा विचार केला. बोरूच्या तिरक्या कापामुळे देवनागरीत जाड-बारीक आपोआप येतंच. त्याने तो फरक वाढवला, उभ्या काण्यांची खालची टोकं निमुळती केली, शिरोरेषा अखंड ठेवली पण दोन्ही शेवटांना ब्रश उचलल्यासारखी वर नेली. आता दोन्ही पाट्या एका हातच्या वाटतात. मला हे अख्ख्या कामातलं सर्वांत समाधान देणारं वाटतं. आधी इंग्रजी टाइप चिनी ब्रशची नक्कल करायचा, इथे देवनागरीने आपल्याच वळणातून ती ऐट आणली.

रंग पी. ओ. रेड, म्हणजे पोस्टाच्या पेटीचा लाल, त्यात चिमूटभर काळा. फ्लेक्स काढल्यावर त्यामागे भिंतीत ओल निघाली, ती सुकायला दहा दिवस गेले.

५ फेब्रुवारी

टेबलावर ताटाखाली घालायचे कागद. लाल शाईत बारा प्राणी आणि त्यांची सालं, जन्मसाल बघून आपला प्राणी शोधायचा. मुलांना जेवण येईपर्यंत गुंतवायला याहून चांगलं काही नाही. जुना नमुना जपून ठेवलेला होता पण सालं १९९५ला संपत होती, म्हणजे आताची मुलं कागदावर स्वतःला सापडतच नव्हती. पुढची सालं घातली. यंदा १७ फेब्रुवारीला घोड्याचं वर्ष सुरू होतंय, म्हणून २०२६ घोडा, तसंच २०१४ आणि २००२. तळाशी एक ओळ वाढवली: चिनी वर्ष जानेवारीच्या उत्तरार्धात किंवा फेब्रुवारीत बदलतं, त्यामुळे जानेवारी-फेब्रुवारीतल्या जन्मवाल्यांनी त्या सालची तारीख बघावी, जन्म तिच्या आधीचा असेल तर आधीच्या वर्षाचा प्राणी. नारायण पेठेतल्या छापखान्यात पाच हजार प्रती. पहिला प्रूफ गुळगुळीत आर्ट पेपरवर काढला होता, त्यावर सांडलेलं पाणी जिरत नाही, वाहतं. साधा, बिनचकाकीचा मॅपलिथो कागद घ्या.

११ फेब्रुवारी

हिशेब. सुतारकाम एक लाख अडुसष्ट हजार, बाकं एक लाख बत्तीस, पॉलिश चौऱ्याण्णव, वीज एकाहत्तर, पाट्या बावन्न, कंदील सेहेचाळीस, कोरीवकाम आणि सोनेरी अडतीस, फिरत्या चकत्या साडेसहा, बाकी किरकोळ सत्तावीस हजार. एकूण सहा लाख चौतीस हजार पाचशे. अंदाजापेक्षा साडेचौऱ्याऐंशी हजार जास्त, त्यातला मोठा वाटा वायरिंग आणि पाटीमागची ओल. दोन्ही गोष्टी झाकलेल्या होत्या. असं काम घेणाऱ्याने सुरुवातीलाच एक स्विचबोर्ड उघडून आणि एक फ्लेक्स सोडवून बघावा, मगच आकडा सांगावा.

१६ फेब्रुवारी

देखभालीचा कागद मराठीत आणि हिंदीत लिहून स्टोअरच्या दाराला आतून लावला. लाकडाला फक्त कोरडं फडकं. पडद्यांजवळ सॅनिटायझर नाही, त्यातलं अल्कोहोल चपडा खातं. कंदील कुणीही उघडायचा नाही. बल्ब गेला तर खोक्यावरचा नंबर बघून तोच आणायचा, डझनभर जादा आणून ठेवलेत. पावसाळ्याआधी पडद्यांना पॉलिशचा एक हात, काका मे महिन्यात येतात.

संध्याकाळी दोन्ही हॉल उघडले. नेहमीचं एक जोडपं टाकीजवळच्या बाकावर बसलं. आजींनी मामांना विचारलं, "पंखा नवा घेतलात का हो? बरं वाटतंय आज." पंखा जुनाच आहे.

माशांची टाकी रिकामी आहे. तळाच्या सांध्यातून पाझरते, काच जोडणारा मार्चमध्ये येणार. खालचं लाकडी स्टँड काढून लोखंडी अँगलचं करून ठेवलंय, कारण चारशे लिटर पाण्याचं वजन चारशे किलो होतं आणि जुन्या स्टँडचे दोन पाय आतून पोकळ निघाले. टाकी भरल्यावर पहिले काही दिवस मासे सोडायचे नाहीत, फक्त गळती बघायची, असं मामांना सांगून ठेवलंय.